अर्जासोबतचे पत्र

यंदाची स्मरणिका वाचकांच्या हाती देताना नेहमीप्रमाणे वर्षभराच्या कार्याचा आढावा घ्यावा, असे आम्ही योजिले होते. परंतु ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या बांधवांची नोकरीच्या अर्जासोबत जोडावयाची जी पत्रे आमच्याकडे तपासण्यासाठी आली, त्यांनी तो विचार मागे सारला.

बहुतेक पत्रांचा आरंभ क्षमायाचनेने आणि शेवट विनवणीने होतो. ‘कृपया एक संधी द्यावी’, ‘आपला आजन्म ऋणी राहीन’ हा शाळेत गिरवलेला साचा साहेबाच्याच राज्यात घडला. साहेबाच्या देशात मात्र आज तो कोणी वापरीत नाही!

एका भगिनीने परिचारिकेच्या जागेसाठी लिहिलेले पत्र पाहा. वडिलांचे नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, आपण ‘मेहनती व प्रामाणिक’ असल्याची ग्वाही. अतिदक्षता विभागात काढलेली सहा वर्षे शेवटी, तीही अर्ध्या वाक्यात. का, असे विचारता ती म्हणाली, “स्वतःची बढाई कशी मारायची?” या संकोचाचे आम्हांस नवल वाटले नाही. ज्या घरात अर्ज लिहिणारी पहिलीच पिढी, तेथे स्वतःविषयी हक्काने बोलावयास कोण शिकविणार? परंतु केलेल्या कामाची नोंद म्हणजे बढाई नव्हे.

येथील सरकारी आरोग्यसेवेत वा नगरपालिकांत जाहिरातीसोबत बहुधा ‘पर्सन स्पेसिफिकेशन’ हा तक्ता असतो. आवश्यक पात्रता कोणती, इष्ट कोणती, हे त्यात दिलेले असते आणि मुलाखतीसाठीची निवड त्याच्याशी ताडून होते. तेव्हा तो समोर ठेवावा आणि प्रत्येक आवश्यक मुद्द्यास आपल्या कामातील एक प्रसंग द्यावा : अडचण काय होती, आपण स्वतः काय केले, निष्पन्न काय झाले. ‘आम्ही सर्वांनी मिळून’ हे संपादकीयात शोभते, अर्जात नव्हे. खासगी कंपनीस एक पान पुष्कळ. जन्मतारीख, छायाचित्र, विवाह, धर्म यांचे तेथे काम नाही. एकच पत्र वीस ठिकाणी धाडणे तर व्यर्थच. पत्र नावाने लिहिले असल्यास शेवटी ‘युअर्स सिन्सिअरली’, नाव ठाऊक नसल्यास ‘युअर्स फेथफुली’, एवढा रिवाज पाळावा.

त्या भगिनीचे दुसरे पत्र अतिदक्षता विभागातील एका रात्रपाळीपासून सुरू झाले. ‘ऋणी राहीन’ हे शब्द तिने अखेरच्या मसुद्यापर्यंत जपले होते. मग स्वतःच खोडले. हे लिहीत असताना तिला मुलाखतीचे बोलावणे आले आहे.