पेठ आपोआप वाढत नाही, वसवावी लागते

पुण्याच्या पेठा आपोआप वाढल्या, हा समज इतिहासाला धरून नाही. १८व्या शतकात नवी पेठ वसवताना शेटे-महाजन नेमले जात. कौल देऊन व्यापाऱ्यांना करांत सवलत मिळे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजचे पाणी जमिनीखालच्या बांधीव नळांतून शहरातील हौदांत आले.

रस्त्यालगत दुकान, मागे चौक, वर बिऱ्हाड. बाजार, देऊळ, पाणी पायी अंतरावर. या रचनेत जातीच्या भिंतीही होत्या. त्या पुन्हा नकोत. घर आणि बाजाराचा शेजार मात्र राखण्याजोगा आहे.

आज वाड्याच्या जागी इमारत उभी राहते, तेव्हा अनेकदा तळमजला मोटारींना जातो आणि रस्त्याकडची दारे मिटतात. पुनर्विकासाच्या नियमांत तळमजल्यावरील पहिला हक्क दुकानांचा असावा.