चाळिशीनंतरची कसरत : प्रश्न इच्छेचा की वेळेचा?

२३ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘मन की बात’ या कार्यक्रमात पंतप्रधानांनी देशातील वाढत्या लठ्ठपणाविषयी चिंता व्यक्त केली आणि घरोघरी खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. त्यानंतर सहा महिन्यांनी, ३ सप्टेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने खासगी क्षेत्रातील कामाचे तास वाढवण्यास मंजुरी दिली. कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि दुकाने व आस्थापनांतील मर्यादा ९ वरून १० तासांवर नेण्याचा हा निर्णय होता. जादा कामाची तिमाही मर्यादाही १४४ तासांपर्यंत वाढवण्यात आली. कामगार संघटनांनी त्याला विरोध केला. मात्र या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे, याची चर्चा झाली नाही.

वास्तविक या दोन्ही बातम्या एकाच माणसाविषयी आहेत. हा माणूस चाळिशी-पंचेचाळिशीतला आहे, शहरात राहतो, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत आणि दोन-तीन तास प्रवासात घालवतो. पोट सुटले आहे, दोन जिने चढले की धाप लागते आणि वार्षिक तपासणीच्या अहवालात एखाद-दुसरा आकडा लाल रंगात येऊ लागला आहे. व्यायाम करायला हवा, हे त्याला कोणी सांगण्याची गरज नाही. ‘वेळ कुठे आहे?’ हा त्याचा प्रश्न आहे. हा प्रश्न आजवर आळशी माणसाची सबब म्हणून हसण्यावारी नेला गेला. तो गांभीर्याने घेण्याची वेळ आता आली आहे.

निम्मा देश बैठा

जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी केलेला एक अभ्यास जून २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार २००० मध्ये भारतातील सुमारे २२ टक्के प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती. २०२२ मध्ये हे प्रमाण जवळपास ५० टक्क्यांवर पोहोचले. त्या वर्षीची जागतिक सरासरी ३१ टक्के होती. भारतातील पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के आढळले. हाच कल कायम राहिला तर २०३० पर्यंत देशातील ६० टक्के प्रौढ या गटात मोडतील, असा या अभ्यासाचा अंदाज आहे.

याचे परिणाम अन्यत्र दिसतातच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही असून आणखी १३ कोटी ६० लाख व्यक्ती मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, आपल्या शेजारच्या गोव्यात आढळले. पोटाभोवतीचा लठ्ठपणा तर सुमारे ४० टक्के प्रौढांमध्ये दिसून आला.

‘मी काही जाड नाही’ असे म्हणून निश्चिंत राहण्याची सोयही भारतीयांना नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे सोदाहरण दाखवून दिले आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तरावरून काढला जाणारा बीएमआय दोघांचाही अगदी सारखा, २२.३ इतका होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. दिसायला सडपातळ, पण आतून चरबीयुक्त अशी ही भारतीय शरीराची ठेवण आहे. स्नायू कमी आणि चरबी जास्त, हे आपले मूळ दुखणे असल्याने नुसते वजन घटवून ते संपत नाही.

उशीर झाला का?

पन्नाशीच्या उंबरठ्यावर अनेकांच्या मनात निराशा असते. ‘आता काय उपयोग?’ असे त्यांना वाटते. या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील डॅलस येथील एका जुन्या प्रयोगात सापडते. १९६६ मध्ये तेथे विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहण्यास सांगण्यात आले. तेवढ्या काळात त्यांची शारीरिक क्षमता लक्षणीय घटली. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावण्यात आले. आता ते पन्नाशीत होते, त्यांचे सरासरी वजन ७७ वरून १०० किलोवर गेले होते आणि शरीरातील चरबी दुप्पट झाली होती. तरीही तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी क्षमता घटवली होती, त्याहून अधिक विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने घटवली होती, असे दिसून आले.

त्यानंतर त्यांना सहा महिने चालणे, हळू धावणे आणि सायकल चालवणे असा व्यायाम देण्यात आला. सुरुवात अगदी थोडक्यापासून करून तो हळूहळू वाढवण्यात आला. सहा महिन्यांनंतर त्यांचे वजन जेमतेम साडेचार किलोंनी उतरले होते. मात्र तीस वर्षांत गमावलेली क्षमता त्यांनी भरून काढली होती. महिनाभर फिरूनही वजनकाट्यावरचा आकडा हलला नाही म्हणून व्यायाम सोडून देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

अर्थात ही मुदत अमर्याद नाही. डॅलसमधीलच डॉ. बेंजामिन लिव्हाइन यांच्या गटाने ४५ ते ६४ वयोगटातील बैठे जीवन जगणाऱ्या निरोगी व्यक्तींना दोन वर्षे नियमित व्यायाम करायला लावला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता १८ टक्क्यांनी वाढली आणि हृदयाच्या स्नायूंना आलेला ताठरपणा सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाला. पासष्टी ओलांडलेल्यांवरील आधीच्या प्रयोगात मात्र वर्षभराच्या व्यायामानंतरही हा ताठरपणा कमी झाला नव्हता. त्यांच्या क्षमतेत सुधारणा झाली, पण हृदयाचा लवचिकपणा परतला नाही. म्हणूनच मध्यमवयातील ही दहा-पंधरा वर्षे मोलाची ठरतात.

दिवसाचा तासभर हवाच का?

व्यायाम म्हणजे पहाटे उठून तासभर घाम गाळणे, ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजली आहे. तेवढा वेळ मिळत नाही म्हणून मग काहीच केले जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस याहून सौम्य आहे. आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम, एवढीच अपेक्षा आहे. सलग दहा मिनिटांहून कमी काळ केलेला व्यायाम धरू नये, अशी जुनी अटही त्या वर्षी काढून टाकण्यात आली. आता प्रत्येक मिनिट हिशेबात धरले जाते.

अलीकडच्या संशोधनाचा रोखही तसाच आहे. ब्रिटनमध्ये मुद्दाम व्यायाम न करणाऱ्या पंचवीस हजार व्यक्तींच्या हालचाली मनगटावरील यंत्राने मोजण्यात आल्या. दिवसातून तीन वेळा, एक-दोन मिनिटेच का होईना, जिने चढणे किंवा भरभर चालणे अशी दमवणारी हालचाल करणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी कमी आढळले. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो निरीक्षणावर आधारित असल्याने कार्यकारणाची खात्री त्यातून देता येत नाही, पण दिशा कळते. आठवडाभराचा व्यायाम शनिवार-रविवारी उरकणाऱ्यांनाही जवळपास तेवढाच लाभ होतो, असे २०२३ च्या एका अभ्यासात दिसले. दहा हजार पावलांचा आकडा तर जपानमध्ये १९६५ मध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या जाहिरातीतून रूढ झाला. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आलेल्या आढाव्यानुसार सात हजार पावलांतही बहुतांश लाभ पदरात पडतो.

स्नायूंचे काय, हा प्रश्न उरतो. त्यासाठी महाराष्ट्राला परक्या देशाकडे पाहण्याचे कारण नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी दहा वर्षे युजेन सँडो या युरोपीय शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीने व्यायाम केला. सूर्यनमस्काराकडे ते वळले तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या आसपास होते. पुढे त्यांनी संस्थानातील शाळांत आणि देशभर सूर्यनमस्काराचा प्रसार केला. सतरंजीएवढी जागा आणि दहा मिनिटांचा वेळ एवढेच भांडवल त्याला लागते. बैठका आणि भिंतीला हात टेकून काढलेले जोर यांनाही फारसे काही लागत नाही. गुडघेदुखी किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र वैद्यकीय सल्ला घेऊनच सुरुवात करावी.

अतिउत्साहाचा धोका

मध्यमवयातील व्यायामाचा विषय निघाला की व्यायामशाळेतील मृत्यूंचीही आठवण निघते. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांचा ऑक्टोबर २०२१ मध्ये वयाच्या ४६ व्या वर्षी, व्यायामानंतर अस्वस्थ वाटू लागल्यावर, मृत्यू झाला. विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्लीत व्यायाम करताना कोसळले आणि पुढील महिन्यात त्यांचे निधन झाले. या घटनांनी अनेकांना धास्ती बसली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयोगटातील आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास करून २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले. कुटुंबातील अशा मृत्यूंचा इतिहास, करोनामुळे रुग्णालयात राहावे लागणे, मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांतील अतिमद्यपान आणि त्याच काळातील अतिश्रमाचा व्यायाम यांच्याशी अशा मृत्यूंचा संबंध आढळला.

व्यायाम टाळावा, असा याचा अर्थ नाही. वीस वर्षांची कसर एका आठवड्यात भरून काढण्याचा हव्यास टाळावा, एवढाच तो आहे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही मध्यम गतीची सोपी खूण आहे. पहिले दोन-तीन महिने या मर्यादेत राहावे. मधुमेह, रक्तदाब किंवा घराण्यात हृदयविकार असल्यास आधी तपासणी करून घ्यावी. छातीत दडपण, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली तर तेथेच थांबून डॉक्टर गाठावा. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जून २०२५ मध्ये वेगोव्ही ही वजन घटवणारी इंजेक्शने भारतात आली. त्यांनी वजन उतरते हे खरे, पण चरबीबरोबर स्नायूही घटतात. मुळातच स्नायू कमी असलेल्या भारतीयांना या औषधांसोबतही बैठका चुकणार नाहीत.

वेळेची वाटणी

दहा मिनिटे पुरतात हे मान्य केले, तरी ती दहा मिनिटे सर्वांकडे सारखी नसतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील स्त्रिया बिनमोल घरकामात दिवसाला सरासरी ३०५ मिनिटे, म्हणजे पाच तासांहून अधिक वेळ घालवतात. मुले आणि वृद्ध यांच्या देखभालीसाठी स्त्रियांची १४० मिनिटे, तर पुरुषांची ७४ मिनिटे खर्च होतात. अपुऱ्या हालचालीत स्त्रियांचे प्रमाण १५ टक्क्यांनी अधिक का, याचे एक उत्तर येथे दडलेले असावे. डबे, शाळा, लोकल, कचेरी आणि पुन्हा ओटा या चक्रात अडकलेल्या बाईला ‘स्वतःसाठी वेळ काढा’ असा सल्ला देणे सोपे आहे. तो वेळ घरातल्या दुसऱ्या कोणीतरी मोकळा करून द्यावा लागतो, हे सहसा सांगितले जात नाही.

कामाच्या ठिकाणचे वातावरणही याला पोषकच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला ७० तास कामाचा सल्ला दिला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांविषयीचे उद्गार गाजले. लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्येच दुमजली बसच्या चालकांची आणि वाहकांची तुलना केली होती. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा सतत जिने चढणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी होते. कामाचे स्वरूप माणसाच्या हृदयाचे भवितव्य ठरवते, हे सत्तर वर्षांपूर्वी सिद्ध झाले आहे. आज बहुतेक सगळेच ‘चालक’ झाले असताना बसण्याचे तास वाढवण्याचा विचार होतो.

शहराचा वाटा

तिसरा वाटा शहराचा आहे. चालणे हा सर्वांत स्वस्त व्यायाम खरा, पण त्यासाठी सलग पदपथ लागतो. दुचाकी, टपऱ्या आणि उखडलेल्या फरश्या यांतून वाट काढताना कोणी भरभर चालू शकत नाही. पुण्यात हजारो नागरिक रोज टेकड्यांवर फिरतात. वेताळ टेकडीला छेद देणाऱ्या बालभारती-पौड फाटा रस्त्याला झालेला विरोध पर्यावरणाइतकाच सार्वजनिक आरोग्याचाही मुद्दा आहे. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सची १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी घेण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला आणि सागरी किनारा मार्गालगतचा विहारपथ ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला. ही पावले स्वागतार्ह आहेत. तथापि मालवणी, मानखुर्द किंवा दिव्याच्या रहिवाशाने संध्याकाळी फिरण्यासाठी वरळी गाठावी, अशी अपेक्षा करता येणार नाही.

पुण्याच्या महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना १९२४ ची, दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराची १९२५ ची. व्यायाम ही सार्वजनिक गोष्ट आहे आणि तिची सोय चालत जाण्याच्या अंतरावर असावी, हा विचार या शहरांत शंभर वर्षांपूर्वी रुजला होता. पुढे वातानुकूलित जिम आली आणि व्यायाम वर्गणीदाराची खासगी बाब बनला. महापालिका शाळांची मैदाने आणि सभागृहे सकाळ-संध्याकाळ वस्तीतील प्रौढांसाठी खुली केली, तरी या परंपरेचा मोठा भाग फारशा खर्चाविना परत येऊ शकेल.

चाळिशीतल्या माणसाने उद्या सकाळी दहा मिनिटे काढावीत, हे बरोबरच आहे. विज्ञान त्याच्या बाजूने आहे आणि उशीरही झालेला नाही. त्याने लिफ्ट सोडून जिना धरावा, एक थांबा आधी उतरावे आणि दोन दिवस बैठका काढाव्यात. मात्र सुदृढतेचा उपदेश करणाऱ्या सरकारने, त्याला खुर्चीला जखडून ठेवणाऱ्या मालकाने आणि घरकामातून अंग काढून घेणाऱ्या कुटुंबीयांनीही आपापली दहा मिनिटे द्यायला हवीत. ती दिली नाहीत, तर हीच मिनिटे पुढे दवाखान्याच्या रांगेत मोजावी लागतील.