चोरीला गेलेली विहीर आणि झाकली जाणारी नावे

श्याम बेनेगल यांचा २०१० सालचा ‘वेल डन अब्बा’ हा चित्रपट मी नुकताच पुन्हा पाहिला. मुंबईत मोटारचालकाची नोकरी करणारा अरमान अली हैदराबादजवळच्या आपल्या गावी जातो आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठीच्या सरकारी योजनेतून विहीर मिळवू पाहतो. दाखल्यापासून अनुदानापर्यंत प्रत्येक टेबलावर त्याच्या पैशाला गळती लागते. शेतात विहीर होत नाही. कागदोपत्री मात्र ती पूर्ण झालेली असते. तेव्हा बाप-लेक पोलीस ठाणे गाठतात आणि तक्रार करतात, आमची विहीर चोरीला गेली. मराठी प्रेक्षकांना ही कल्पना ‘जाऊ तिथे खाऊ’मुळे परिचित आहेच.

पूर्वी मला या प्रसंगातला विनोद तेवढा दिसला होता. आता त्यातला डाव अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘विहीर खणलीच नाही’ असे म्हणणाऱ्या नागरिकाला ते सिद्ध करावे लागते. ‘विहीर चोरीला गेली’ असे तो म्हणाला, की सरकारी कागदच त्याचा साक्षीदार होतो आणि उत्तर देण्याची पाळी शासनावर येते. मात्र त्यासाठी तो कागद नागरिकाच्या हाती असावा लागतो.

पडद्याबाहेरचा इतिहासही हेच सांगतो. डिसेंबर १९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने राजस्थानातील कोटकिराना येथे जनसुनावणी घेतली. अशा सुनावण्यांत हजेरीपट गावासमोर वाचले जात आणि कधी कामावरच न गेलेल्यांची नावे त्यांत निघत. ही चळवळ २००५ च्या माहिती अधिकार कायद्यापर्यंत पोहोचली. त्याच वर्षीच्या रोजगार हमी कायद्याने ग्रामसभेकडून सामाजिक लेखापरीक्षण करण्याची तरतूद केली आणि तत्कालीन आंध्र प्रदेश, म्हणजे चित्रपटाचीच भूमी, त्याच्या अंमलबजावणीत अग्रेसर ठरला.

तंत्रज्ञानाने ही देखरेख अनावश्यक केली, असा युक्तिवाद हल्ली ऐकू येतो. रोजगार हमीच्या कामांवर २०२३ पासून मोबाइल ॲपवरून छायाचित्रासह हजेरी बंधनकारक झाली. जुलै २०२५ मध्ये मात्र खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने राज्यांना कळवले, की कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे, एवढेच नव्हे तर छायाचित्रांचीच छायाचित्रे, अपलोड होत आहेत. कागदावरची विहीर आता पडद्यावर आली, इतकाच फरक. ती खोटी आहे हे ओळखणारा माणूस अजूनही गावातच राहतो.

म्हणूनच २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मध्ये केलेला बदल मला चिंताजनक वाटतो. सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर अनाठायी आक्रमण करणारी माहितीच पूर्वी या कलमाखाली नाकारता येत असे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर माहिती ‘वैयक्तिक’ असणे एवढेच कारण पुरते. हजेरीपट आणि लाभार्थी यादी हा तर नावांचाच दस्तऐवज. नावे गाळली, तर गावाने पडताळायचे काय?

सरकार कलम ८(२) कडे बोट दाखवते. व्यापक सार्वजनिक हितासाठी माहिती देण्याची वाट तिथे शिल्लक आहे, हे खरे. परंतु ते हित अधिकाऱ्याला पटवून देण्याचे ओझे प्रत्यक्षात अर्जदारावरच पडते. अरमान अलीने उलटवलेला डाव पुन्हा नागरिकावर उलटतो.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. तो जपायलाच हवा. आधार क्रमांक आणि बँक खाते अवश्य झाकावे. पण लाभार्थ्याचे नाव, मंजूर रक्कम आणि कामाचे ठिकाण सार्वजनिकच राहील, असे केंद्राने निःसंदिग्ध शब्दांत जाहीर करावे. लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये आजही आहे. ते पाळले गेले नाही, तर पुढच्या अरमान अलीला आपल्या नावावर विहीर होती हेच कळणार नाही. मग ती चोरीला गेल्याची तक्रार तो कशाच्या आधारे करणार?