घोड्याच्या मागून…

'साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये' ही म्हण लहानपणापासून ऐकतोय ना आपण? त्यातला साहेब नेमका लक्षात राहतो, घोडा मात्र विसरतो. मीसुद्धा विसरलेच होते, मैत्रिणींनो!

झालं काय, गेल्या पावसाळ्यात नणंदेकडे कोलकात्याला गेले होते. संध्याकाळी नातवाला घेऊन मैदानाकडे फिरायला निघालो. फुटबॉलचा सामना नुकताच सुटलेला, माणसांचा नुसता लोंढा! रस्त्याच्या तोंडाशी घोड्यावर बसलेला पोलीस. तिथलं हे घोडदळ १८४० पासूनचं, असं नणंद सांगत होती. घोडा दोन पावलं आडवा सरकला की लोक थांबत, मोटारी जात. तो बाजूला झाला की लोक रस्ता ओलांडत. ना शिट्टी, ना आरडाओरडा!

मी बघत राहिले आणि नातू हात सोडून पळाला, तो थेट घोड्याच्या शेपटीकडे! "उधर से नहीं!" पोलीस ओरडला आणि झटकन त्यानं घोडा वळवला. माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं.

रागावला नाही हो तो. उलट नीट समजावलं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. आजूबाजूचं पुष्कळ दिसतं, पण थेट पाठीमागचं आणि अगदी कपाळासमोरचं दिसत नाही. तिथं काही हललं की तो दचकतो, लाथ झाडतो. ते रागानं नव्हे, भीतीनं!

आपल्या मुंबईत मोटारी वाढल्या म्हणून १९३२ साली पोलिसांचे घोडे बंद झाले. २०२० मध्ये ते पुन्हा आणायचं ठरलं, तेव्हा कारण सांगितलं गर्दीचं. उंचावरून लांबवर दिसतं ना! मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत तर घोडा आपल्याला भेटतोच. तेव्हा एवढं सांभाळा:

मुलाचा हात घट्ट धरा. मागून जायचंच असेल तर चांगलं लांबून जा. जवळ जायचं तर आधी स्वाराला विचारा, मग बाजूनं, खांद्याकडून, बोलत बोलत जा. कान मागं पाडले की सरळ दूर व्हा. त्याच्याजवळ छत्री फटकन उघडू नका, फुगे फोडू नका. आणि कामावरच्या घोड्याला लाडानं काही खाऊ घालू नका.

आता आमचा नातूच सगळ्यांना बजावतो, "आजी, साहेबाचं राहू दे, आधी घोडा!"