सारग्रहणाचें थोतांड

परभाषेंतील उतारा झपाट्यानें डोळ्यांखालून घालावा, अडलेले शब्द ओलांडावे, परिच्छेदाचें पहिलें व शेवटचें वाक्य पाहावें आणि ‘मध्यवर्ती कल्पना’ हातीं लागली कीं पुढें चालूं लागावें, असा एक विधि आमच्या विद्यार्थ्यांस अलीकडे आवर्जून शिकविला जातो. त्याचे पुरस्कर्ते शितावरून भाताची परीक्षा करण्याचा दाखला देतात. दाखला चांगला आहे; पण ज्यानें पुष्कळ भात शिजविला आहे त्यालाच ती परीक्षा साधते. परळी वैजनाथच्या आसपास ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मुलानें पहिल्याच दिवशीं शीत चेपून निर्णय द्यावा, ही अपेक्षा हास्यास्पद होय.

मातृभाषेंत आपली नजर धांवते, कारण पुढें काय येणार हें मनाला आधींच कळलेलें असतें. परभाषेंत तें भांडवलच नसतें. हू आणि नेशन या अभ्यासकांनीं २००० सालीं असें दाखविलें, कीं मदतीवांचून इंग्रजी मजकूर नीट समजण्यास त्यांतील शंभरापैकीं सुमारें ९८ शब्द परिचित असावे लागतात. ज्याला दर ओळींत दोन शब्द अडतात त्याला ‘अडलेले शब्द सोडा’ म्हणणें, म्हणजे खांब काढून घेऊन छप्पर सांभाळ म्हणण्यासारखें आहे.

खरी गोम मोठ्या शब्दांत नसून लहान शब्दांत असते. मराठी वाक्य आपला निर्णय बहुधा शेवटीं, क्रियापदापाशीं देतें. नकारही तेथेंच बसतो. इंग्रजीचा नकार वाक्याच्या मध्येंच कोठेंतरी येऊन जातो, आणि ‘हार्ड्‌ली’, ‘अन्‌लेस’ यांसारख्या शब्दांच्या अंगावर तर त्याचा पोशाखही नसतो. ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहींतच. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे तरी आहेत. एका अक्षरानें अर्थ फिरला! ‘ध’ चा ‘मा’ होऊन १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा घात झाला ही आख्यायिका खरी कीं खोटी हें इतिहाससंशोधकांनीं ठरवावें. पण ती सांगणाऱ्या समाजास तरी एका अक्षराचें मोल शिकविण्याची वेळ येऊं नये.

कोणी म्हणेल, ही व्याकरणपंडितांची चिकित्सा झाली. त्यानें संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेचा २२ नोव्हेंबर १९६७ चा २४२ क्रमांकाचा ठराव पाहावा. इस्राएलनें युद्धांत व्यापलेल्या प्रदेशांतून सैन्य मागें घ्यावें असें त्यांत आहे. इंग्रजी पाठांत ‘प्रदेश’ या शब्दामागें ‘दि’ नाहीं. फ्रेंच पाठांत निश्चितवाचक उपपद आहे. सर्व प्रदेश कीं कांहीं प्रदेश, हा वाद या एका उपपदावर आजतागाईत चालला आहे. आणि उपपद ही वस्तु आमच्या भाषेंत मुळींच नाहीं! म्हणजे मराठी वाचकाची धांवती नजर जेथें हटकून घसरणार, नेमका तेथेंच वाद उभा.

आमच्या या प्रांतास तर हें सांगावें लागूं नये. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परळी निजामाच्या राज्यांत होती. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ सालीं स्थापिलेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमही उर्दूच. परक्या भाषेचा कागद हातीं धरून, वाचून दाखविणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसणें म्हणजे काय, हें मराठवाड्यानें भोगलें आहे. त्या वाचणाऱ्यानें ‘सार’ सांगावें आणि इतरांनीं अंगठा उठवावा! आज कर्जाचा करार व विम्याचा कागद इंग्रजींत असतो; त्यांतील अपवाद कधींच सारांत येत नाहींत. आमचा पदवीधर तो कागद चाळून सही करणार असेल, तर त्याच्यांत आणि त्या अंगठ्यांत फरक तो कोणता?

यावर ‘परीक्षाच तशी आहे’ असें उत्तर मिळतें. तें अगदींच खोटें नाहीं. केंद्रीय लोकसेवा आयोगानें २०११ पासून पूर्वपरीक्षेंत आकलनाचे उतारे घातले. १२० मिनिटांत ८० प्रश्न, म्हणजे उतारा वाचण्यासह प्रश्नास दीड मिनिट. तेथें भाषा इंग्रजी अथवा हिंदी. मराठी मुलास दोन्ही परक्या. २०१४ सालीं या पत्रिकेविरुद्ध मोठें आंदोलन झालें आणि २०१५ पासून ती ३३ टक्के गुणांची केवळ पात्रतेपुरती उरली. पण ओरड झाली ती भाषेच्या अन्यायाबद्दल. घाईच्या अन्यायाबद्दल फारसें कोणी बोललें नाहीं. शिवाय परीक्षा वेग मागते म्हणून शिक्षणानेंही वेगापासूनच आरंभ करावा, हें कोणत्या न्यायानें? गवई द्रुत लयींत तान घेतो. म्हणून शागीर्दास कोणी विलंबित न शिकवितां द्रुतांत ढकलीत नाहीं.

कोणतें पुस्तक घ्यावें, कोणतें ठेवावें, हें ठरविण्यास चाळणें योग्यच. वर्तमानपत्र तर आम्हीही चाळतोंच. आमचें म्हणणें एवढेंच, कीं महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षीं इंग्रजीचें आठवड्यास एक पान पुरे. मात्र त्या पानांतील एकही ‘अ’, एकही ‘बट्’, एकही ‘अन्‌लेस’ विचारल्यावांचून सोडूं नये. घड्याळ दुसऱ्या वर्षीं वर्गांत आणावें.