ऊन खाण्याचा हक्क

जानेवारीतली सकाळ. रात्रभर साताऱ्यात हीव पडलं होतं. मी गच्चीवर सतरंजी टाकून बसलो होतो. पाठीवर कवळं ऊन, पुढ्यात भाजलेल्या शेंगा, बाजूला चहा. रिटायर मास्तर, काही करायचं नव्हतं. खरं सांगतो दोस्तांनो, फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात शाखेतला एक पोरगा पावतीबुक घेऊन वर आला. तरणाताठा, डोक्यात आग. जयभीम घातला, मला तसं बसलेलं बघितलं आणि म्हणाला, "काय काका, मजा आहे! तिकडं आपली माणसं उसाच्या फडात कुडकुडतायत आणि तुम्ही ऊन खाताय."

पावती मी फाडली. पण त्याचं बोलणं डोक्यातनं जाईना. त्याला तोंडी नीट सांगता आलं नाही ते इथं लिहितो.

पोरा, तुझा राग मला कळतो. मराठीत गुलाबी थंडी नावाची एक चीज आहे. धुकं, दवबिंदू, शाली, आल्याचा चहा. ह्या लेखकांच्या थंडीत काकडणारा माणूस औषधालासुद्धा सापडत नाही. आता तर हमरस्त्याला हुरडा पार्टीचे बोर्ड लागतात. माणशी पैसे भरा, गूळभेंडीचा गरम हुरडा खा, खाटेवर बसून फोटो काढा. आमच्या लहानपणी त्या शाळूची राखण आम्हीच करायचो. माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकायचो. आगटीभोवती मात्र मालक आणि त्याचे पाव्हणे. आमच्या वाट्याला लांबून वास, आणि ते उठून गेल्यावर राखेत राहिलेले दाणे. त्या गुलाबी हिवाळ्याशी तुझं भांडण आहे तसं माझंही आहे.

पण म्हणून हिवाळा त्यांना देऊन टाकायचा? इथं माझं तुझं जमत नाही.

आमचं गाव माणदेशातलं. महारवाडा गावाच्या पूर्वेला. आमच्यावरनं गेलेला वारा गावात जाऊ नये म्हणून पूर्वजांना तिकडं बसवलेलं. पण एक हिशेब त्यांच्या ध्यानात आला नाही. सूर्य आधी आमच्याकडं यायचा! गाव अजून गारठ्यात असायचं आणि आम्ही पोरं आईच्या लुगड्याची गाती बांधून माळावरच्या धोंडीला पाठ लावून बसलेलो. दात वाजायचे आणि हसू यायचं. पोटात काही नसलं तरी हसू यायचं. ही मजा खोटी होती का? ती मला कुणी वाटून दिली नव्हती. ती माझी होती.

रात्र मात्र खरी जात दाखवायची. घरात सहा माणसं आणि वाकळा दोन. त्यातली एक आज्जीनं शिवलेली, जड, उबदार. तिच्यातले पांढरे तुकडे कुठले ते मी एकदा विचारलं. मढ्यावरचं कापड महाराचं, ही गावकीची रीत. आज्जी ते आणून धुवायची, फाडायची, वाकळंत घालायची. मला शिसारी आली तशी ती म्हणाली, "मढ्याला काय थंडी वाजती व्हय रं? जित्त्याला वाजती."

आज्जीनं मनुस्मृती वाचली नव्हती. मी पुढं वाचली. तिच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रं नेसावीत असा नियमच घालून दिलाय. म्हणजे आमची थंडी निसर्गाची नव्हती. ती लिहून ठेवलेली थंडी होती. कुणी काय पांघरायचं हे ग्रंथात ठरलेलं.

बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दीक्षा दिली. पुढं आमच्या वाड्यानंही घेतली. १९५८ च्या कायद्यानं महारकी वतनंही गेली. वडलांनी गावाला सांगितलं, येसकरकी बंद, मेलेलं ढोर ओढणं बंद, मढ्यावरचं कापड नको. गावानं उत्तर दिलं, मग आमच्या रानातलं काटूकबी उचलायचं न्हाय.

तो १९६१ चा हिवाळा. मी नऊ वर्षांचा. सरपण नाही, नवीन कापड नाही. जुन्या वाकळंचा दोरा निघायला लागलेला. शेकोटीला पाचट घालायचो, ती भस्सकन पेटायची आणि विझायची. धाकटी बहीण रात्रभर खोकायची. एका रात्री आई वडलांना म्हणाली, "एवढ्या हिवाळ्यापुरतं तरी घ्या." वडील काही बोलले नाहीत. अंगातली एकुलती बंडी काढली, तिच्या अंगावर घातली आणि उघडे बसून राहिले. कापड आणलं नाही.

पोरा, माझ्या गच्चीवरच्या उन्हाची किंमत त्या रात्री भरलीय. मी ते खाताना लाजू का?

आणि हिवाळा आपला नाही असं तुला कुणी सांगितलं? कॅलेंडर काढ. २५ डिसेंबर १९२७, महाड, मनुस्मृतीचं दहन. कोकणातली थंडी बोचरी नसेल, पण ह्या देशातली सगळ्यात मोठी शेकोटी तीच. त्याच महाडात बाबासाहेबांनी बायांना लुगडं कसं नेसायचं, स्वच्छ कसं राहायचं ते सांगितलं. लोकांना वाटतं साधी गोष्ट. ज्यांना मढ्याचं कापड नेमून दिलं त्यांना विचारा! १ जानेवारीला भीमा कोरेगाव. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या मैदानात दवात झोपणारी लाखो माणसं. १९७९ चा लाँग मार्च हिवाळ्यातच नागपूरहून औरंगाबादकडं चालत निघाला. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. ह्या दिवसांना आपण कुडकुडलो, पण रडलो नाही. गाणी म्हटली, भाकरी वाटून खाल्ली.

आता फडाकडं येऊ. तू बरोबर बोललास. आजही नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पहाटेच्या अंधारात ओला ऊस हातात घेतात. कोपीत लेकरू पाचटावर निजतं, शाळा गावाकडं राहते. त्यांच्यासाठी आपण काय करतो? तुझ्याच पावतीबुकावर छापलंय, ब्लँकेटवाटप. पुढारी येणार, हार घालणार, म्हातारीच्या खांद्यावर ब्लँकेट टाकून फोटो काढणार. पावती मी फाडली, पण मनाला बरं वाटलं नाही. गावकीनं मढ्याचं कापड दिलं, आता पुढारी फोटोचं कापड देतो. दोन्ही वरनं खाली टाकलेलं!

थंडीनं कुणी मरत असेल तर आज रात्री ब्लँकेट दे, त्याला माझी ना नाही. पण फोटो काढू नको आणि त्याला चळवळ म्हणू नको. चळवळ म्हणजे कोयत्याला पुरता दर, कारखान्याच्या तळावर पक्का निवारा, लेकराला तिथंच शाळा. ज्याला मजुरी पुरती मिळेल तो आपली चादर आपण विकत घेईल. रंगसुद्धा आपल्या पसंतीचा घेईल.

आणि हे सगळं कशापायी? एका जानेवारीत फडातल्या त्या बाईनंही सकाळी पाठीला ऊन घेऊन बसावं, शेंगा खाव्यात, दोन तास कुणाचं काम करू नये. एवढ्यापायीच. दुःख आपली ओळख आहे असं ज्यांना वाटतं ते वाटू देत. बाबासाहेबांनी दुःख जपायला नाही, घालवायला शिकवलं. कार्यकर्त्यानं आनंद करू नये म्हणणारा आज ना उद्या दमतो, आणि दमला की पुढाऱ्याच्या गाडीत बसतो. असे कितीतरी बघितलेत.

ती वाकळ माझ्या ट्रंकेत आहे. मुलगा म्हणतो टाकून द्या. शाखा म्हणते २५ डिसेंबरला प्रदर्शनात मांडा. मी दोन्ही करणार नाही. जाळायचा तो नियम जाळून झालाय. शिवण आज्जीची आहे. दरसाल मी ती गच्चीत उन्हाला घालतो.

पुढच्या रविवारी ये. पावतीबुक आण, कोरा कागदही आण. कोयत्याच्या दराचं पत्रक तिथंच लिहू. पण आधी अर्धा तास बस. शेंगा खा, ऊन खा. मग निघू.

जयभीम.