गाडीतला फ्रीज आणि थळचा बांगडा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास दवाखाना बंद करून निघणार, एवढ्यात दारात मोटार येऊन थांबली. पुण्याकडचे कुटुंब होते. नवरा, बायको आणि दहा-बारा वर्षांचा मुलगा. तिघांचेही चेहरे लालबुंद, अंगाला खाज, डोके ठणकत होते, छातीत धडधड. मुलाला दोन जुलाबही झाले होते. जेवून तासही झाला नव्हता. जेवणात काय होते, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, "बांगडा. सकाळी तुमच्या थळच्या किनाऱ्यावरच घेतला, अगदी ताजा." मग दिवसभर ठेवला कुठे होता? यावर गृहस्थ जरा दुखावल्या स्वरात म्हणाले, "फ्रीजमध्येच होता हो डॉक्टर! आमच्या गाडीत फ्रीज आहे."

खोदून विचारल्यावर त्या फ्रीजची हकीकत कळली. मासळी पेटीत ठेवून मंडळी होडीने खांदेरीचा किल्ला पाहायला गेली. गाडी उन्हात उभी. चावी काढली तशी पेटीला मिळणारी वीजही बंद झाली. चार-पाच तासांनी परत येऊन गाडी सुरू केली, पेटीवरचा दिवा लागला आणि मंडळी निर्धास्त झाली. रात्री तोच बांगडा तळून खाल्ला.

तिघांना औषध दिले, दोन तास बसवून ठेवले आणि बरे वाटल्यावर घरी पाठवले. अशा त्रासाला लोक 'मासळीची अ‍ॅलर्जी' म्हणतात आणि पुढे उगाच मासळी सोडून देतात. वास्तविक दोष मासळीचा नसतो, ती ठेवण्याचा असतो. बांगडा, तारली, कुपा, सुरमई अशी मासळी उबेत राहिली की जिवाणू तिच्यात हिस्टामीन नावाचे द्रव्य तयार करतात. ते एकदा तयार झाले की तळा, उकळा, काही केल्या जात नाही. अनेकदा वासावरूनही कळत नाही.

२०२० साली मुंबईहून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि मोटारी थेट आपल्या किनाऱ्यावर उतरू लागल्या. २०२५ साली खांदेरीचे नाव जागतिक वारसा यादीत गेले. पाहुणे वाढले, तशा गाड्यांतल्या थंड पेट्याही वाढल्या. आपल्यापैकी अनेकजणही आता मुलाबाळांना घेऊन गाडीने लांबचे प्रवास करतात. "डॉक्टर, कोणती पेटी घ्यावी?" हा प्रश्न आता मलाही विचारला जातो. आहाराइतकाच तो आरोग्याचा प्रश्न असल्याने आज या सदरात त्याचाच विचार करू.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला म्हणजे जाड भिंतींची साधी पेटी. हिला वीज लागत नाही, आत बर्फ घालायचा. दुसरा प्रकार गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारी, आत लहानसा पंखा असलेली हलकी पेटी. 'कार फ्रीज' म्हणून सर्रास विकली जाते ती बहुधा हीच. तिसरा प्रकार कॉम्प्रेसर असलेला खरा फ्रीज. तो घरच्या फ्रीजसारखाच चालतो, पण वजनदार आणि किमतीला भारी.

फसगत होते ती दुसऱ्या प्रकारात. फ्रेंच शास्त्रज्ञ पेल्तिए याने १८३४ साली शोधलेल्या तत्त्वावर ही पेटी चालते. दोन वेगळ्या धातूंच्या जोडातून वीज गेली की एक बाजू थंड होते आणि दुसरी गरम. तत्त्व उत्तम, पण अशी पेटी भोवतालच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंशच थंड राहू शकते. मे महिन्यात गाडीत ४५ अंश उष्मा असेल तर पेटीत २५ ते ३० अंश राहणार. मासळी, दूध, शिजवलेले अन्न ५ अंशांखाली राहायला हवे. ५ ते ६० अंशांच्या मधला पट्टा हा जिवाणूंचा सुकाळ! शिवाय रात्रभर ही पेटी चालू ठेवली तर लहान गाडीची बॅटरी सकाळी उतरलेली सापडते. थंड केलेल्या सरबताच्या बाटल्या थंड ठेवायला ही पेटी ठीक आहे. तिला फ्रीज म्हणू नये, एवढेच माझे म्हणणे.

बर्फाची ताकद मात्र आपण कमी लेखतो. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी काढून घेतली तर एक लिटर पाणी ८० अंशांवरून शून्यावर येईल! म्हणून माझे स्पष्ट मत असे की, दोन-तीन दिवसांच्या प्रवासाला सामान्य कुटुंबाने जाड भिंतींची साधी पेटीच घ्यावी. भिंत जाड हवी, झाकण घट्ट बसणारे आणि कडेला रबर असलेले हवे, खाली पाणी काढायला बूच हवे. पातळ थर्माकोलची पेटी एका फेरीत फुटते आणि तिचे तुकडे शेवटी आपल्याच किनाऱ्यावर येतात.

वीज नसलेल्या पेटीवर विश्वास कसा ठेवावा, असे कोणी विचारील. त्याने आपल्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरच्या खांद्यावरची लसीची पेटी आठवावी. १९९५ पासून पल्स पोलिओची लस वाड्यावस्त्यांवर गेली ती त्याच पेटीतून. आत गोठवलेल्या पाण्याची चार पाकिटे, बस्स. २०११ च्या जानेवारीनंतर देशात मूळ (वाइल्ड) विषाणूच्या पोलिओचा रुग्ण आढळला नाही आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला. त्या यशात या साध्या पेटीचा वाटा मोठा आहे.

याच पेटीने मला एक धडाही दिला. माझ्या वडिलांना इन्सुलिन चालू होते. त्यांना कोल्हापूरला नेताना मी त्यांच्या बाटल्या बर्फाच्या पाकिटांना अगदी चिकटवून ठेवल्या. म्हटले, जितके थंड तितके चांगले. तिथे पोहोचल्यावर त्यांची साखर चढू लागली. मात्रा वाढवली तरी उतरेना. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इन्सुलिन वाटेत गोठले होते आणि गोठलेल्या इन्सुलिनचा गुण जातो. दिसायला ते पूर्वीसारखेच असू शकते, पण ते टाकूनच द्यावे लागते. दुकानातून नवी बाटली आणली तेव्हा कुठे साखर खाली आली. परत आल्यावर ही गोष्ट सिस्टरना सांगितली तर त्या हसून म्हणाल्या, "सर, पाकिटाला घाम फुटून आत पाणी खळखळल्याशिवाय आम्ही लस आत ठेवतच नाही!" डॉक्टर असून मी चुकलो, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे.

तेव्हा इन्सुलिन नेताना बाटली रुमालात गुंडाळून डब्यात घालावी आणि तो डबा बर्फापासून दूर ठेवावा. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात. वापरातले इन्सुलिन त्याच्या वेष्टनावर लिहिलेल्या तापमानात व मुदतीत राहील एवढे पाहावे. पाण्यात भिजवून वापरायच्या पिशव्या कोरड्या हवेत चांगल्या चालतात, आपल्या दमट किनाऱ्यावर त्यांचा उपयोग कमी. रोज इन्सुलिन घेणारे आणि आठवडा-आठवडा गाडीने फिरणारे यांनी मात्र ऐपत असल्यास कॉम्प्रेसरचा फ्रीज जरूर घ्यावा. बॅटरी उतरू लागताच आपोआप बंद होणारा पाहून घ्यावा आणि ४-५ अंशांवर लावावा.

पेटी कोणतीही असो, काही पथ्ये पाळावीत. आत एक लहान तापमापक ठेवावा, दिव्यावर भरवसा ठेवू नये. सामान घरूनच थंड करून भरावे, कारण पेटी थंडपणा राखते, गरम वस्तू लवकर थंड करू शकत नाही. घरी पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या तर बर्फाचा बर्फ आणि वितळल्यावर पिण्याचे पाणी. मासळीसाठी मिळणारा लादीचा बर्फ सरबतात घालू नये. मासळीची पेटी वेगळीच असावी. थळ, किहीमकडच्या खोल्या देणाऱ्या बंधुभगिनींनाही एक विनंती आहे. पाहुण्यांच्या औषधांसाठी फ्रीजमध्ये एक कप्पा आणि बर्फाच्या पाकिटांसाठी थोडी जागा राखून ठेवा. खर्च काही नाही, आणि एखाद्याचा जीव वाचेल.

त्या कुटुंबाची हकीकत मी, नावगाव न सांगता, किनाऱ्यावरच्या एका मासळीवाल्या मावशींच्या कानावर घातली. त्या टोपलीवरचे फडके सारखे करीत म्हणाल्या, "जेवढं म्हावरं तेवढा बर्फ, डॉक्टर. खाली बर्फ, वर बर्फ, आणि पाणी वाहून गेलं पाहिजे." उष्ण हवेच्या प्रदेशात मासळी आणि बर्फ यांचे वजन सारखे असावे, असे मत्स्यतंत्राचे जाणकारही सांगतात. पेटी घ्यायला दुकानात जाण्यापूर्वी मावशींना विचारून जावे हे बरे!